एकाच मुलाखतकाराच्या यादीत पन्नाशीच्या बायका जास्त का निघतात?

प्रश्न
आरोग्याची घरोघरी पाहणी चालू आहे. 15 ते 49 वयाच्या स्त्रियांची वेगळी मुलाखत घ्यायची आहे. गावं तीच, प्रश्नावली तीच. पण एका मुलाखतकाराच्या घरयादीत (घरातली माणसं आणि त्यांची वयं) 50–52 वयाच्या बायका भरपूर आणि 47–49 च्या जवळपास नाहीतच. योगायोग समजायचा का?

उत्तर 1
आधी 40 आणि 45 पाहा. लोक वय पाचाच्या पटीत सांगतात, तसं असेल तर तिथेही ढीग दिसेल. म्हणजे वय नीट खोदून विचारलेलं नाही. पण फक्त 50 च्या पुढे ढीग आणि त्याआधी खड्डा असेल, तर वय ढकललं जातंय. 49 लिहिलं की पुढची लांबलचक मुलाखत आली, 50 लिहिलं की सुटका. लहान मुलांचंही तेच: वय पाचाच्या वर नेलं की लसीकरण, जुलाब, वजन-उंची सगळं टळतं. वयांचा मुलाखतकारनिहाय तक्ता दर आठवड्याला काढा. पथकानं गाव सोडल्यावर तो काढून उपयोग नाही.

उत्तर 2
"वय किती?" एवढ्यावर थांबू नये. आधार कार्ड बघावं, पण त्यावर 1 जानेवारी असेल तर ती तारीख बहुधा अंदाजाची. लग्न कधी झालं, थोरलं मूल केवढं, हे विचारावं. लातूरकडे "किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी लग्न झालं होतं का?" विचारलं की 1993 चा आधार मिळतो.

बाकीचे प्रश्न मात्र छापलेत तसेच वाचायचे. "गेल्या दोन आठवड्यांत बाळाला जुलाब झाले होते का?" याचं "जुलाब वगैरे नाहीत ना?" झालं की उत्तर "नाही"च येणार. बाई अडखळली तर तीन-चार सेकंद गप्प बसावं, मग "अजून काही?" एवढंच. शब्द तिच्या तोंडात घालू नयेत. आणि सासू उंबऱ्यात बसली असेल तर घरातल्या मारहाणीचे प्रश्न काढायचेच नाहीत; त्या बाईला नंतर त्रास होऊ शकतो.

प्रश्नकर्ता
तपासलं. 40 ला, 45 ला ढीग नाही. 47–49 कोरंच.

उत्तर 1
मग त्याच्या यादीतली 50–54 ची घरं सुपरवायझरनं पुन्हा करावीत. पूर्ण मुलाखत नको, फक्त माणसं आणि वयं. कुठल्या घरी जाणार ते आधी सांगू नका. फॉर्ममागे पैसे देत असाल तर तेही बदला, दिवसाचा भत्ता ठेवा. लांब मुलाखत घेणाऱ्याचा तोटा होत असेल तर नुसत्या दटावणीनं हे थांबणार नाही.