मामांचं पिनबॉल: स्टार्ट दाबलं की स्कोअर मोटर थांबतच नाही

रंकाळा_पश्चिम

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण मशीन तुमच्यासमोर नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

माझ्या थोरल्या मामांनी १९८२ साली मुंबईहून एक जुनं पिनबॉल, म्हणजे उतरत्या फळीवर बॉल मारत गुण मिळवायचं मशीन, आणलं. शिकागोच्या गॉटलीब कंपनीचं, सत्तरच्या दशकातलं, एका खेळाडूचं. आत इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. रिले (विजेनं ओढले जाणारे स्विच), कॉइल, धातूच्या पातळ पत्त्यांचे कॉन्टॅक्ट आणि मनगटाएवढे तारांचे जुडगे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या गाळ्यात ते बारा वर्षं चाललं, आठ आण्याला पाच बॉल. त्याचं नाण्याचं तोंड आपलं नाणं घेईना, तेव्हा मामांनी दारावरच्या बेलचं बटण आतल्या नाण्याच्या कॉन्टॅक्टला जोडून गल्ल्यापाशी आणलं. पैसे हातात पडले की बटण दाबायचे. ते बटण अजून लोंबतंय आणि ते मी तसंच ठेवणार आहे.

गाळा बंद झाल्यावर मशीन शाहूपुरीत आमच्या मागच्या खोलीत आलं. २०१९ च्या महापुरात खोलीत गुडघाभर पाणी होतं. पेटीच्या तळाखाली चार बोटांवर ते थांबलं. पाय गंजले, आतलं कोरडं राहिलं. पण आपल्याकडचे पाच-सहा पावसाळे बंद खोलीत म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मामा आता ८१ वर्षांचे आहेत, काचबिंदूमुळे दिसतं फार कमी. दिवाळीच्या आत ते त्यांना वाजलेलं ऐकवायचं आहे. बघण्यापेक्षा ऐकण्याचाच तो खेळ होता, दहा, शंभर आणि हजार अशा तीन घंटा आहेत त्यात.

आतापर्यंत केलेलं: उंदरांची घाण काढली. फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती, ती काढून पेटीतल्या पट्टीवर छापलेल्या अँपिअरचा फ्यूज घातला. मशीनच्या पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल लिहिलंय, म्हणून ५०० व्हीएचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणला.

अडचणी अशा.
स्टार्ट दाबलं की खालची स्कोअर मोटर फिरायला लागते आणि थांबतच नाही. वर गुणांचे आकडे दाखवणारी बाकीची रीलं शून्यावर येऊन उभी राहतात, पण शंभराचं रील टक टक टक करत शून्यावरून पुढं जातं, परत येतं, परत जातं.
डावा फ्लिपर (बॉल मारणारा दांडा) मेल्यासारखा उठतो.
उजवा जोरात उठतो, पण बटण धरून ठेवलं तर दहा-पंधरा सेकंदांत वास येतो. मी लगेच सोडलं.

सर्किटचा कागद पेटीत होता, पण निम्मा कसरीनं खाल्लाय. सगळे कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरनं घासून काढावेत का? इथल्या एका दुकानात दाखवलं, तर ते म्हणाले आतलं सगळं काढून नवीन बोर्ड बसवू. तसं मला करायचं नाही.

जुना_टेलिफोनवाला

पॉलिश पेपर आधी खाली ठेवा.

मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली, सुरुवातीची सगळी स्ट्रोजर या जुन्या यांत्रिक एक्स्चेंजवर. आल्मन स्ट्रोजर नावाच्या अमेरिकन माणसानं १८९१ साली त्याचं पेटंट घेतलं. तुमच्या मशीनमधले रिले आणि पायरी-पायरीनं पुढं सरकणारे स्टेपर त्याच जातीचे आहेत. पिनबॉल मी एकदाच उघडून पाहिलंय, पण दहा मिनिटांत ओळख पटली.

मोटरचं आधी सांगतो. स्कोअरच्या प्रत्येक रीलवर एक कॉन्टॅक्ट असतो, जो फक्त शून्यावर उघडतो. स्टार्ट दाबलं की मोटर सगळ्या रीलांना ठोके देते. हे ठोके त्या शून्याच्या कॉन्टॅक्टमधूनच रीलच्या कॉइलला पोचतात. रील शून्यावर आलं, कॉन्टॅक्ट उघडला, ठोका बंद. सगळी रीलं शून्यावर पोचल्याशिवाय मोटर थांबू शकत नाही. तुमच्या शंभराच्या रीलचा शून्याचा कॉन्टॅक्ट उघडत नाही, एवढाच अर्थ आहे. मोटरला हात लावू नका, ती बिचारी आपलं काम करतेय. रील जागेवरून हललंच नसतं तर कॉइल किंवा वाळलेलं ग्रीस बघायला सांगितलं असतं. पण रील फिरतंय, म्हणजे कॉइल, दात्या आणि स्प्रिंग ठीक आहेत.

पिन भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही. रील हातानं शून्यावर आणा आणि बॅटरीच्या उजेडात त्या दोन पत्त्यांमध्ये फट दिसते का बघा. मिलिमीटरभर तरी हवी. नसेल तर पत्ती वाकवायची, पण मुळापाशी. टोकाला वाकवली तर कॉन्टॅक्ट तिरके टेकतात आणि चार दिवसांनी तुम्ही परत तिथंच. आणि एका वेळी एकच कॉन्टॅक्ट. हे मशीन एके काळी बरोबर चालत होतं. आज जे बिघडलंय तेवढंच शोधायचं. नव्या पोरांनी एका दुपारी अख्खी रॅक ‘ॲडजस्ट’ केलेली मी पाहिली आहे. नंतर आम्ही आठवडा घालवला.

साफ करायला मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडं मिळतं ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घ्या. जाड गुळगुळीत कागदाची पट्टी त्यात भिजवा, कॉन्टॅक्ट बोटानं हलकेच मिटवा आणि पट्टी ओढून घ्या. काळं कागदावर येतं. पॉलिश पेपरचे कण कॉन्टॅक्टच्या मऊ चांदीत रुतून बसतात आणि कॉन्टॅक्ट आणखी बिघडतो. गंज सोडवायचे स्प्रे तर आत मारूच नका. काही महिन्यांनी त्यांचा चिकट थर होतो, आणि ठिणगी पडणाऱ्या जागी असं पेट घेणारं तेल कशाला?

स्टेपरचं जुनं ग्रीस मात्र पूर्ण काढा. ते आता डिंक झालेलं असेल.

आणखी एक, आणि हे सगळ्यांत आधी करा. जुनी वायर दोन पिनांची असेल तर तीन पिनांची घाला आणि अर्थिंग मशीनच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याला, मशीनच्या पुढच्या दाराला आणि कडेच्या पट्ट्यांना जोडा. खेळणाऱ्याचे दोन्ही हात त्या धातूवर असतात. स्टेपडाऊन कसला आहे तेही तपासा. स्वस्तातल्या ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही बाजू आतून जोडलेल्या असतात, तुम्हाला वेगळ्या वाइंडिंगचा हवा. शिवाय ६० सायकलचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो, तेव्हा अर्ध्या तासानं हात लावून बघत जा. मोटर थोडी सावकाश फिरेल, ती तशीच फिरणार.

उद्यमनगर_वाइंडर

काकांनी रीलचं सांगितलं, मी फ्लिपरचं सांगतो भावा.

फ्लिपरच्या कॉइलवर तीन टोकं दिसतील. आत दोन वाइंडिंग आहेत. जाड तारेचं उचलायला, बारीक तारेचं नुसतं धरून ठेवायला. फ्लिपर खाली असताना एक कॉन्टॅक्ट बारीक वाइंडिंगला बाजूला टाकतो, म्हणून सगळा जोर जाड तारेतनं जातो. फ्लिपर वर पोचला की तोच कॉन्टॅक्ट उघडायला पाहिजे, मग करंट बारीक तारेतनं थोडाच जातो. तुझा उजवा कॉन्टॅक्ट उघडत नाही, म्हणून वास. डाव्याचा नीट मिटत नाही, म्हणून तो मेल्यासारखा. दोन उलटी दुखणी, कारण एकच. त्या कॉन्टॅक्टचं टोक टंगस्टनचं असतं, चांदीचं नाही. कडक असतं, तिथं बारीक कानस चालते. मीटरवर जाड तारेचं दोन-चार ओम आणि बारीक तारेचं त्याच्या कितीतरी पट आलं तर कॉइल वाचली.

जळली असेल तर आणून टाक, भरून देतो. पण उचकटून आणू नको, अख्खी आण. मी वेढे मोजत उलगडतो. नुसत्या ओमवर भरली तर जोर चुकतो. आणि वरच्या कागदावर तारेचा गेज छापलेला असेल तर तो अमेरिकन गेज आहे. आपल्या बाजारातली तार ब्रिटिश गेजनं मिळते. २३ नंबर दोन्हीकडं आहे, पण त्यांचा ०.५७ मिलिमीटर आणि आपला ०.६१. त्यामुळं वेढे मावत नाहीत. मायक्रोमीटर लावून घ्यावी लागते.

कॉइलच्या आतल्या नळीत तेल अजिबात घालू नको, ती सुकीच चालते. नायलॉनची असली आणि झिजली असली तर बदल.

बॉल कसा आहे? गंजलेला असेल तर फेकून दे, तो पॉलिश पेपरचंच काम करतो फळीवर. बेअरिंगच्या दुकानात १ १/१६ इंची, म्हणजे २७ मिलिमीटरचा गोळा माग. ८० ग्रॅम भरतो. आरशासारखा असेल तोच घे.

हुपरीचा_चांदीवाला

यंत्रातलं मला कळत नाही, चांदीतलं कळतं. एखाद्या पत्तीचं चांदीचं टोक झिजून गेलं असेल तर आमच्याकडं शुद्ध चांदीची तार ओढून बारीक रिव्हेट करून मिळेल. दागिन्याची मिसळ असलेली चांदी घेऊ नका, त्यातलं तांबं काळं पडतं. आणि डाग देऊन (सोल्डर करून) बसवू नका, ठोकूनच बसवा. पत्ती तापली की तिचा ताण जातो, मग ती कामाची राहत नाही.

रंकाळा_पश्चिम

काका, दादा, आठ दिवसांनी लिहितोय, माफ करा. आधी अर्थिंग केलं. स्टेपडाऊन ऑटोच निघाला, बदलून आणला.

शंभराच्या रीलवर फट नव्हतीच. दोन पत्त्यांमधला फायबरचा तुकडा एका बाजूनं झिजलाय, त्यामुळं पत्ती पुरती उचलली जात नव्हती. मुळापाशी केसभर वाकवली. स्टार्ट दाबलं. रीलं टकटकत शून्यावर आली, मोटर थांबली, आणि बॉल खाडकन वर आला. घरातले सगळे मागच्या खोलीत गोळा झाले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

डाव्या फ्लिपरचा कॉन्टॅक्ट कानशीनं घासल्यावर तो नीट उठला. उजव्याची कॉइल मीटरवर चांगली आली, कॉन्टॅक्टची जागा सरकवली आणि आता मिनिटभर धरून ठेवलं तरी नुसतीच कोमट लागते. हुपरीच्या दादांना दोन रिव्हेटचं माप वेगळं पाठवतो. एका रिलेचं टोक खरंच गेलंय.

मागची रंगीत काच मी पुसायला घेतली होती, पण आतून रंगाचे पापुद्रे सुटायला लागलेत. ओलं फडकं लावलं असतं तर चित्रच गेलं असतं. बाहेरूनच पुसली, आतून फक्त मऊ ब्रशनं धूळ उडवली.

काल मामांना आणलं. खुर्ची काचेला लावून बसवलं, माझ्या मुलीनं खेळून दाखवलं. त्यांनी गल्ल्याचं बटण मागितलं आणि हातात धरून बसले. तीन बॉल झाल्यावर म्हणाले, “शंभराची बसकी वाजतीय रे. ती अशी नव्हती.” मी तोपर्यंत ते ऐकलंच नव्हतं. पाहिलं तर त्या घंटेची पट्टी ज्या रबरांवर बसते ती दगड झालीत. असं रबर कुठं मिळेल?

उद्यमनगर_वाइंडर

पत्र्याच्या भोकातनं वायर काढताना घालतात ते रबरी ग्रोमेट घे. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतील, जुनं एक नमुन्याला ने. बसवताना स्क्रू आवळू नको, पट्टी बोटानं हलवली तर डुलली पाहिजे. आणि ठोकणाऱ्या दांड्याचं नायलॉनचं टोक फुटलंय का तेही बघून घे, ते फुटलं तरी आवाज असाच बसतो.