मदत हवी आहे : १८३४ नंतर न्यू साउथ वेल्सच्या नोंदींतून गायब झालेला कैदी

मार्च १८२९ मध्ये इंग्लंडातल्या खटल्यात ७ वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा, १८३० मध्ये सिडनीला (ऑस्ट्रेलियातली ब्रिटिशांची कैदी-वसाहत न्यू साउथ वेल्स इथे) आगमन, १८३४ मध्ये बॅथर्स्ट जिल्ह्यापुरतं तिकीट ऑफ लीव्ह (शिक्षा संपण्याआधी ठरलेल्या जिल्ह्यात राहून स्वतःसाठी काम करण्याचा परवाना). इथवर जहाज, खटल्याचं ठिकाण आणि वर्ष हे तिन्ही जुळतं. याच नावाचे आणखी दोन कैदी आहेत, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबता येत नाही.

शिक्षा खटल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे मार्च १८३६ नंतर सुटकेचा दाखला हवा. तो सापडत नाही. तिकिटाच्या स्थळप्रतीवर ‘रद्द’ असा शेरा आहे, कारण अस्पष्ट. हजेरी चुकवली, जिल्हा सोडला किंवा दारू पिऊन सापडला, तरी तिकीट जाई. माफीची नोंद शोधण्यात अर्थ वाटत नाही. ती मुख्यतः जन्मठेपवाल्यांची वाट.

नेमके प्रश्न :

बॅथर्स्टच्या मॅजिस्ट्रेटची त्या काळातली कामकाजवही कुणी पाहिली आहे का? फटके, बेडीवाल्या टोळीत रवानगी वगैरे त्यातच कळेल.

वसाहतीत नवा गुन्हा होऊन नॉर्फोक बेटावर (पुन्हा गुन्हा करणाऱ्या कैद्यांच्या कडक शिक्षेचं ठिकाण) पाठवलं असेल, तर आधी कोणती नोंदवही उघडावी? १८३७ च्या कैद्यांच्या यादीत नाव नाही, म्हणजे तो तोवर सुटला असंच धरायचं का? मृत्यूची शक्यता दफननोंदींतून कशी तपासायची, तेही सांगा.