वॉर्सा, तीन दिवस: युद्धाच्या खुणा नेमक्या कुठे पाहाव्यात?

रंकाळाकाठ
ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वॉर्साला तीन पूर्ण दिवस मिळत आहेत, १ तारीख धरून. सोबत सत्तरीचे दोघे आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे, शुद्ध शाकाहारी. जुनं शहर पुन्हा बांधलेलं आहे एवढं वाचलंय. मग खरं जुनं काय उरलंय? संग्रहालयांचा क्रम कसा लावावा? कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचं (युद्धकाळात पोलिश निर्वासित राहिले ती) स्मारक तिथे आहे म्हणतात, ते कुठे?

विस्तुला_डावा_काठ
क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तोच. पहिल्या सकाळी राजवाडा. तिथल्या एका दालनात बेर्नार्दो बेलोत्तो या इटालियन चित्रकाराची अठराव्या शतकातली वॉर्साची चित्रं आहेत, ती सावकाश पाहा आणि मगच जुन्या शहरात पाऊल ठेवा. पुनर्बांधणीत या चित्रांचा आधार घेतला गेला. मात्र बेलोत्तोने काही दर्शनी भिंती मनाने सजवल्या होत्या, त्यामुळे भर राहिला तो युद्धाआधी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी मोजमाप घेऊन काढलेल्या आराखड्यांवर. ते आराखडे युद्धकाळात शहराबाहेर एका मठात लपवले होते.

जर्मन ताब्याविरुद्ध वॉर्साच्या पोलिश लोकांचा उठाव १ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर १९४४, म्हणजे ६३ दिवस चालला. शहराचा बराच भाग पडला तो त्यानंतर. लोकांना बाहेर काढून जर्मन पथकांनी रस्त्यामागून रस्ता जाळला, सुरुंग लावले. एकूण सुमारे ८५ टक्के शहर गेलं. हे लक्षात ठेवलंत तर 'लढाईत पडलं' आणि 'ठरवून पाडलं' यातला फरक जागोजागी दिसेल.

जुन्या शहराच्या चौकाची बांधणी १९५३ मध्ये पूर्ण झाली. भिंतींवरची नक्षी त्याच काळातली. जुने दगड कुठेकुठे गिलाव्यात उघडे ठेवलेत, रंग वेगळा दिसतो. एखाद्या बोळातून मागे गेलात तर मोकळी अंगणं लागतील. तिथे पूर्वी दाटीवाटीची मागची घरं होती, ती मुद्दाम पुन्हा बांधली नाहीत. कॅथीड्रलच्या जेकान्या गल्लीकडच्या भिंतीत स्फोटकं वाहून नेणाऱ्या जर्मन वाहनाची रणगाड्यासारखी साखळी बसवलेली आहे, ती चुकवू नका. राजवाड्याशेजारी राजा झिग्मुंतच्या स्तंभाचे तुटलेले मूळ दांडे आडवे ठेवलेत. चौकात उभा आहे तो दांडा नवा. हे सगळं नीट समजून घ्यायचं असेल तर ब्झोझोवा रस्त्यावर पुनर्बांधणीवरचं छोटं केंद्र आहे. तासाभरात होतं आणि बहुतेक लोक ते वगळतात.

गुडघ्यांसाठी: नदीच्या बाजूने चढ चढू नका. ट्रामने 'स्तारे म्यास्तो' थांब्यावर उतरा, बोगद्याच्या तोंडाशीच सरकता जिना आहे, तो थेट राजवाड्याच्या चौकाजवळ काढतो. पुढे फरसबंदी ओबडधोबड आहे, जाड तळव्याचे बूट हवेत.

मुरानुव_पायी
वरच्या क्रमात एक भर. राजवाडा सोमवारी बंद. उठावाचं संग्रहालय आणि पोलिन (पोलंडमधल्या ज्यूंच्या इतिहासाचं) ही दोन्ही मंगळवारी बंद. हे न पाहता आखलं की अर्धा दिवस जातो. दोन्ही एका दिवसात करू नका, प्रत्येकी किमान ३ तास लागतात आणि मन सुन्न होतं. उठावाच्या संग्रहालयासाठी मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावर 'रोंदो दाशिन्स्क्येगो'ला उतरा. आत प्रत्येक दिवसाची कॅलेंडरची फाडायची पानं ठेवलेली असतात, ती गोळा करत गेलं की तारखांचा क्रम हातात राहतो. उठाववाले ज्यातून ये-जा करत त्या गटाराची प्रतिकृती अंधारी आणि अरुंद आहे. ज्येष्ठांनी बाहेर थांबलं तरी पुढचं काही चुकत नाही.

पोलिनच्या आसपासचा मुरानुव भाग मला जुन्या शहरापेक्षा जास्त बोलका वाटतो. इथे घेट्टो होता, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना भिंतीआड कोंडलेली वस्ती. तिथल्या ज्यूंच्या १९४३ च्या (वेगळ्या) उठावानंतर तो जमीनदोस्त केला. ढिगारा इतका होता की तो पूर्ण हलवलाच नाही. त्याचाच चुरा सिमेंटमध्ये मिसळून विटा पाडल्या आणि उरलेल्या ढिगावर इमारती उभ्या केल्या. म्हणून रस्त्यावरून काही इमारतींच्या दारापर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात. त्या उंचवट्याखाली जुनी घरं आहेत. जवळच संत ऑगस्टीनचं चर्च शिल्लक आहे, युद्धानंतरच्या फोटोंत विटांच्या पसाऱ्यात हाच मनोरा एकटा उभा दिसतो. घेट्टोची सीमा फुटपाथवर लोखंडी पट्ट्यांनी दाखवली आहे. झ्वोता रस्त्याच्या बाजूला उरलेल्या घेट्टोच्या भिंतीसाठी खासगी आवारात शिरावं लागतं आणि फाटक कधीकधी बंद असतं. वालित्सुव रस्त्यावरचा तुकडा रस्त्यावरूनच दिसतो.

आणि खरं जुनं विचारलंत तर नदीपलीकडचं प्रागा. सोव्हिएत सैन्याने ते सप्टेंबर १९४४ मध्ये घेतलं, म्हणून तिथल्या इमारती बऱ्याच वाचल्या. झोम्प्कोव्स्का रस्ता पाहा.

पिएरोगी_प्लेट
जेवणाचं: 'बार म्लेच्नी' म्हणजे स्वस्त खानावळी. पिएरोगी रुस्क्ये (सारण भरून उकडलेल्या करंज्या) बटाटा आणि पनीरसारख्या चीजच्या असतात, पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात. मागवतानाच 'बेझ स्क्वारेक' म्हणा. बीटच्या सूपला अनेकदा मांसाचा रस्सा वापरतात, झुरेक या आंबट सूपमध्ये सॉसेज असतं. चीज भरलेले नालेश्निकी (पातळ धिरडी) बिनधास्त घ्या. रविवारी मोठी दुकानं बहुतेक बंद असतात, फळं-दूध शनिवारी घेऊन ठेवा.

कागदी तिकीट ट्राममध्ये चढताच यंत्रात टोचून घ्यायचं. खिशात न टोचलेलं तिकीट असलं तरी दंड होतो.

रंकाळाकाठ
फार उपयोगी, आभार. १ तारखेला संध्याकाळी कुठे असावं? आणि वळिवडे राहिलं.

विस्तुला_डावा_काठ
संध्याकाळी ठीक ५ ला भोंगे वाजतात. उठाव याच वेळी सुरू झाला होता. वाहनं थांबतात, माणसं मिनिटभर जागीच उभी राहतात. तुम्हीही थांबा. मध्यवर्ती द्मोव्स्की चौकात तरुणांची प्रचंड गर्दी आणि लाल मशालींचा धूर असतो, सोबतच्या दोघांना तिथे नेऊ नका. राजवाड्याच्या चौकात कडेला उभं राहणं सोपं.

वळिवडेचं स्मारक मोंते कासिनोच्या (इटलीतल्या १९४४ च्या लढाईतल्या पोलिश सैनिकांच्या) स्मारकाजवळ, क्राशिन्स्की बागेलगत आहे. मेट्रोच्या पहिल्या मार्गावर 'रातुश अर्सेनाव' स्थानकातून चालत जाता येतं. १९४३ ते १९४८ दरम्यान वळिवड्यात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या नवानगरच्या जामसाहेबांच्या नावाचा चौक वेगळा, तो ओखोता भागात आहे. दोन्ही एकाच फेरीत धरू नका. वळिवडेचं स्मारक पोलिनच्या दिवशी जोडा, तिथून ते जवळ पडतं.