थकलेल्या माणसाला ‘देवाला पहिलं स्थान दे’ सांगणं थांबवा

अबोली_र
परवा इथे ‘ख्रिस्तात तोल, ख्रिस्तात विसावा’ असा लेख आला. खाली आमेनची रांग लागली. त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये: "जीवनाचा तोल गेला असेल तर समजा, देव पहिल्या जागेवर नाही. पहाटेचा एक तास त्याला द्या, उरलेले तेवीस तास आपोआप जागेवर येतात." तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून हा वेगळा धागा.

मी विश्वासात वाढले आणि विश्वासातच आहे, राग आलाय तो त्यामुळेच. थकवा हा अविश्वासाचा पुरावा आहे असं बायबलच्या वचनात कुठे लिहिलंय? १ राजे १९ उघडा. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर देवाचा अग्नी उतरलेला, आणि इथे संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवदूत त्याला प्रार्थनेचा हिशोब विचारत नाही. ऊठ, खा, म्हणतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाणी, आणि एलीया पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. पुढे होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेली देवाची ती मंद वाणी प्रत्येक उपदेशात येते. त्याआधीची झोप आणि जेवण कोणीच सांगत नाही.

आणि दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. अनुवाद ५ मधली शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा नीट वाचा. तुझा दास, तुझी दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आतला उपरी, यांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. कारणही दिलंय: तूही मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास. म्हणजे आज्ञा कोणाला आहे? दुसऱ्याचं काम थांबवणं ज्याच्या हातात आहे त्याला. आपण ती दासाच्याच गळ्यात घातली आणि वर त्याला विचारतो, तू विसावा का घेत नाहीस, तुझा विश्वास कुठे कमी पडतोय? मंडळीतल्या (चर्चमधल्या) किती बायका हे ऐकून घरी जाऊन गुपचूप रडतात ते मी पाहिलंय.

योहान_एक
तो लेख माझा आहे. मागे बोलण्यापेक्षा समोर बोललात, हे बरं झालं.

अबोलीताई, तुमचं सगळं विवेचन काम करणाऱ्या माणसाबद्दल आहे. माझी गोष्ट ऐका. अपघातानंतर मी कितीतरी महिने पाठीवर पडून होतो. धंदा बुडालेला, कुशीवर वळायलाही दुसऱ्याचा हात लागायचा. करायला काहीच नव्हतं. सक्तीचा शब्बाथ म्हणा. आणि मी आयुष्यात तेव्हाइतका थकलो नव्हतो. मन रात्रंदिवस पळत होतं: कर्ज, बायको, मुलं, लोक काय म्हणतील. त्या माणसाला तुमचा इथ्रो, मोशेचा सासरा, आणि त्याचं कामवाटप काय देणार होतं? वाटायला काम होतंच कुठे!

पहाटेची प्रार्थना मी तिथे शिकलो, झोप लागत नव्हती म्हणून. परिस्थिती तसूभर बदलली नाही. बदललो मी. मत्तय ११ मध्ये प्रभू जू काढून टाकीन म्हणत नाही, स्वतःचं जू देतो. वादळ चालू असताना तो नावेच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपलाय. पौल बंदिवासातून लिहितो की आहे त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलोय. तुमच्या हिशोबाने पौलाला विसावा मिळायला आधी रोमच्या कैसरानं त्याला सोडायला हवं होतं.

अबोली_र
इथ्रोचं नाव मी काढलंच नव्हतं, पण आता काढलंत तर घेते. निर्गम १८: मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलाय, आणि सासरा म्हणतो तू करतोयस ते ठीक नाही, तूही झिजशील आणि लोकही. ज्या माणसाशी देव समोरासमोर बोलायचा, त्याचं देवाशी नातं कमी पडलं होतं का?

तुमची साक्ष खरी आहे, दादा. तिच्यापुढे मी काही बोलणार नाही. पण साक्ष म्हणजे ‘माझ्या बाबतीत असं झालं’. तुम्ही तिचा नियम केलात आणि तो दुसऱ्यांवर लावलात. ‘तोल गेला असेल तर समजा’ यातलं ‘समजा’ मला टोचतंय.

पाळकाची_लेक
अबोलीताईंशी सहमत, आणि थोडं कडू लिहिणार आहे.

माझे वडील पाळक. रविवारी दोन उपासना, मधल्या वेळात आजाऱ्यांना भेटी, रात्री तरुणांची सभा. सोमवारी सुट्टी म्हणायची, पण दफनविधी वार पाहून येत नाहीत. घरातल्या प्रत्येक जेवणात फोन. एके दिवशी वेदीपाशी उभे असताना त्यांना पुढचं वाक्यच आठवेना. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. त्यावर कमिटीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांचे शब्द होते, "साहेबांचा अभिषेक ओसरलाय बहुतेक." आईने तेव्हापासून त्या माणसाशी बोलणं टाकलं आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

गणना ८ वाचा. उपासनेची सेवा करणारा लेवी पन्नासाव्या वर्षी सेवेच्या कामातून मोकळा व्हायचा, त्यानंतर भाऊबंदांना फक्त हातभार. याजकांचे २४ वर्ग होते, पाळीपाळीने सेवा. याजक जखऱ्याला मंदिरात देवदूत दिसला तोसुद्धा त्याच्या वर्गाची पाळी होती म्हणून तो तिथे होता. मंदिराला पाळ्या चालत होत्या. आमच्या मंडळीला एकच माणूस हवा असतो, बारा महिने, आणि तोही हसतमुख.

रात्रपाळी
वरचं वाचून राहवलं नाही. मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. पाळ्या वाटून देणारी व्यक्ती माझा वार पाहत नाही, त्यामुळे बहुतेक रविवार कामावर. मंडळीत मला ऐकवलं गेलं की प्रभूचा दिवस पाळत नाहीस, मग घरात शांती कुठून येणार? ज्या काकूंनी ऐकवलं त्यांच्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला तो रविवारीच.

माझी सुट्टी मंगळवारी पडते. नवरा कामावर, मुलगी शाळेत, मंडळीचं दार बंद. घरात एकटी झोपते, उठते, पुन्हा एकटीच. याला विसावा म्हणायचं का, कोणीतरी सांगा.

सातवा_दिवस
ताई, तुमच्यावर अन्याय झालाय, पण मुळात त्या काकूंचा आधारच चुकीचा आहे. चौथी आज्ञा सातव्या दिवसाची आहे, म्हणजे शनिवारची. रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरवला कॉन्स्टंटाइनने, इ.स. ३२१ मध्ये, राजाज्ञेने. त्यातही शेतकऱ्यांना सूट होती. देवाच्या आज्ञेत नांगरणी-कापणीच्या हंगामातही विसावा आहे (निर्गम ३४:२१). आपण राजाची सुट्टी पाळतो आणि देवाचा दिवस विकतो, मग तोल कसा राहील?

तीमथ्य_म
आलंच हे! प्रत्येक धाग्यात येतं.

जस्टिन मार्टर हा सुरुवातीचा ख्रिस्ती लेखक इ.स. १५५ च्या सुमारास स्पष्ट लिहितो की ख्रिस्ती लोक रविवारी एकत्र जमतात, कारण त्या दिवशी प्रभू उठला. कॉन्स्टंटाइनच्या आजोबांचाही तेव्हा पत्ता नव्हता. प्रेषितांची कृत्ये २०:७ मध्ये आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमलेत. आणि कलस्सै २:१६ काय सांगतं? सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये.

सातवा_दिवस
जस्टिन जमण्याबद्दल लिहितोय, काम थांबवण्याबद्दल नाही. दोन्ही एक नव्हेत. चौथ्या शतकात लावदिकियाच्या परिषदेला वेगळा नियम करून सांगावं लागलं की ख्रिस्ती लोकांनी शब्बाथ दिवशी काम बंद ठेवू नये. लोक ठेवत होते म्हणूनच बंदी घालावी लागली ना? कलस्सैमधले शब्बाथ हे सणांचे आहेत, साप्ताहिक नव्हेत.

तीमथ्य_म
सोयीचं ते साप्ताहिक, गैरसोयीचं ते सणांचं. रोम १४:५ पण सणांचंच का? "प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी" असं पौल लिहितो. आणि खरं बोला, रविवार पाळणाऱ्यांवर पशूची खूण (प्रकटीकरणातली, देवाच्या कोपाला पात्र ठरवणारी) येणार हेच ना तुमच्याकडच्या पत्रकांत? म्हणजे त्या नर्सताईंना तुम्ही सांत्वन देताय की धमकी?

सातवा_दिवस
माझ्या तोंडी शब्द घालू नका. मी कोणालाही खुणेबद्दल एक अक्षर बोललेलो नाही. शनिवारी कामावर येणार नाही म्हणालो म्हणून माझी नोकरी गेली. घरात दोन लहान मुलं होती. ‘कुठलाही दिवस चालतो’ हे मला तुमच्याकडून ऐकायचं नाही, तुम्हाला त्या दिवसाची किंमत मोजावी लागलेली नाही. आणि एवढं सोसूनही सांगतो, शुक्रवारी सूर्य मावळला की माझ्या घरात जी शांती उतरते ती मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

तीमथ्य_म
नोकरी गेली हे वाईट झालं. ठाम राहिलात, त्याबद्दल मान आहे. कलस्सैचं उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही.

रात्रपाळी
तुम्ही दोघं वार ठरवा. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला शनिवारही कळत नाही आणि रविवारही. मंदिरातले याजक शब्बाथ दिवशी काम करूनही निर्दोष, हे प्रभूनेच म्हटलंय (मत्तय १२:५). मी विचारलं होतं मंगळवारच्या एकटेपणाबद्दल, त्यावर कोणीच बोललं नाही.

जुना_वाचक
मी बोलतो. मी उपासनेला क्वचित जातो, तरी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये नेमका हाच प्रयोग केला होता. यंत्रं एक दिवसही थांबू नयेत म्हणून आठवडा पाच दिवसांचा केला, कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला वेगळ्या दिवशी सुट्टी. कागदावर सुट्ट्या वाढल्या होत्या. पण नवऱ्याची एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मित्रांची तिसऱ्या. लोक वैतागले, दोनच वर्षांत तो आठवडा बदलावा लागला आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा व रविवारची सुट्टी परत आली. विसावा एकट्याचा नसतो, तो सगळ्यांनी एकदम थांबण्यात असतो. देव न मानणाऱ्या सरकारलाही शेवटी हे मानावं लागलं.

म्हणून योहान यांचा पहाटेचा एकांत पुरेसा नाही असं मला वाटतं. आणि नर्सताईंच्या मंगळवारी मंडळीचं दार बंद का असतं, हा प्रश्न मंडळीने स्वतःला विचारायला हवा.

योहान_एक
एकांत पुरेसा आहे असं मी म्हटलेलं नाही, पाया आहे असं म्हटलंय. प्रभू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांती जात होता (मार्क १:३५). सगळे एकदम थांबतील त्या दिवसाची वाट पाहत बसलो असतो तर मी त्या खाटेवरच वेडा झालो असतो.

अबोली_र
मार्क १ पुढे वाचा. मार्क ६ मध्ये तोच प्रभू शिष्यांना म्हणतो, तुम्ही एकांती चला आणि थोडा विसावा घ्या; कारण येणारे-जाणारे इतके की त्यांना जेवायला सवड नव्हती. ‘चला’ म्हणतो, सगळ्यांना बरोबर घेऊन.

योहान_एक
आणि त्याच्या पुढच्या ओळीत लोकसमुदाय त्यांच्या आधी तिथे पोहोचतो! सुट्टी बुडाली. प्रभू चिडला नाही, त्याला त्यांचा कळवळा आला आणि तो शिकवू लागला. ठरवलेला विसावा मोडल्यावरही तो शांत राहिला. ती शांती कुठून आली, तेवढंच मी विचारतोय.

जागरण
दोन दिवस वाचतेय, आज लिहिते. माझ्या आईची स्मृती गेली आहे. रात्रीत कितीतरी वेळा उठते, दार उघडून बाहेर जायला निघते, मला ओळखत नाही, कधी मारतेही. मी एकुलती एक. पहाटेचा तास कुठून आणू, योहानदादा? पहाटे कुठे तिचा डोळा लागतो आणि मी तिच्या खाटेला टेकून पडते. तुमचा तो लेख मला मंडळीतल्या एका बहिणीने पाठवला होता, प्रेमाने. वाचून वाटलं की देवही माझ्यावर नाराज आहे.

योहान_एक
ताई, तुम्हाला ते वाक्य लागू नाही. पहाटे उठू नका, झोपा. स्तोत्र १२७ मध्ये पहाटे उठणं आणि रात्री उशिरापर्यंत बसणं व्यर्थ म्हटलंय, आणि झोप ही देवाची देणगी. लेखाच्या गाभ्यावर मी ठाम आहे, पण ‘समजा’वालं वाक्य आज रात्री काढतो.

अबोली_र
काढा. आणि ‘तुम्हाला लागू नाही’ म्हणालात, तर मग लागू कोणाला आहे तेही लिहा.

जागरणताई, बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठनियमात स्वयंपाकघराची पाळी आठवड्याची असते. आजारी आणि फार जबाबदारीच्या कामात असलेले सोडून कोणालाही सूट नाही, आणि जो अशक्त आहे त्याला मदतनीस द्यायचा, म्हणजे तो खिन्न मनाने काम करणार नाही. आईजवळ बसण्याची अशी पाळी तुमच्या मंडळीला मागा. प्रार्थना करतो म्हणतील, त्यांना म्हणा प्रार्थना आईच्या खाटेजवळ बसून करा.

पाळकाची_लेक
आणि मागताना वार, वेळ आणि नाव असं विचारा. ‘कधीही सांगा’ म्हणणारे कधीच येत नाहीत, हे मी आमच्या घरात पाहिलंय.

सातवा_दिवस
ताई, तुमच्या जवळपास आमच्यासारखी शनिवार पाळणारी मंडळी असेल तर तिथेही विचारा. शनिवारी त्यांची कामं बंद असतात, माणसं मोकळी असतात. आजाऱ्याजवळ बसणं म्हणजे शब्बाथ मोडणं नव्हे, प्रभूने शब्बाथ दिवशीच माणसं बरी केली.

तीमथ्य_म
याला माझा विरोध नाही. आमच्याकडे रविवारी दुपारी तरुण रिकामे असतात, तेही करू शकतील.

जागरण
शनिवारी दुपारी आणि रविवारी दुपारी, दोन्ही चालेल. दाराला वरून कडी घालायची आणि आईशी वाद घालायचा नाही, एवढंच येणाऱ्याला आधी सांगावं लागेल. उद्या फोन करते.