वंशावळ आणि सातबारा

"पॅलेस्टिनी नावाचे लोकच नव्हते, १९६७ नंतर ही ओळख तयार केली" असं इथे कुणीतरी ठोकून दिलंय. इसा अल-इसा यांनी पॅलेस्टाईनमधल्या याफा शहरात 'फलस्तीन' नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं १९११ साली. राज्य तुर्कांचं, आणि संपादक ख्रिश्चन. आता बोला!

वंशाचं म्हणाल तर गंमतच आहे. पुढे इस्रायलचे पहिले पंतप्रधान झालेले बेन-गुरियन आणि दुसरे राष्ट्राध्यक्ष झालेले बेन-झ्वी, खुद्द यांनी १९१८ मध्ये यिडिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) पुस्तकात लिहिलं होतं, की तिथले शेतकरी बहुतांशी प्राचीन ज्यूंचेच वंशज. पुढे हा मुद्दा सोयीचा राहिला नाही. अर्थात त्यामुळे ज्यूंचं त्या भूमीशी असलेलं नातं खोटं ठरत नाही. त्सफात, हेब्रॉनला त्यांची वस्ती शतकानुशतकं होती.

माझ्या मते खरी गोम सातबाऱ्यात आहे. १८५८ च्या ऑटोमन (म्हणजे तुर्की साम्राज्याच्या) जमीन कायद्यानंतर कर आणि लष्करभरतीच्या धास्तीने अनेकांनी जमिनी बड्या लोकांच्या नावावर लावल्या. बैरूतच्या सुरसॉक घराण्याने तर उत्तर पॅलेस्टाईनमधल्या मर्ज इब्न आमिर खोऱ्यातली गावंच्या गावं सरकारकडून विकत घेतली आणि १९२० च्या दशकात ज्यू संस्थांना विकली. खरेदीखत चोख. पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळं मात्र उठवली गेली. काहींच्या हातावर थोडी भरपाई टेकवली, बस.