गेमिंग आणि ग्राफिक डिझाइन एकाच लॅपटॉपवर: ४०७० घ्यावा की चांगल्या स्क्रीनचा ४०६०?

रेघोट्या:
नमस्कार मंडळी. दिवसा फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर, अधूनमधून ब्लेंडर, रात्री गेम, असं सगळं एकाच लॅपटॉपवर करायचंय. बजेटमध्ये दोन बसतात:

पहिला: आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम (बोर्डावर सोल्डर केलेली), १६ इंची १४४ हर्ट्झ स्क्रीन, '४५% एनटीएससी', १७० वॅटचा चार्जर.
दुसरा: आरटीएक्स ४०६०, १६ जीबीची एकच रॅम आणि एक स्लॉट रिकामा, १६ इंची २५६० बाय १६०० स्क्रीन, १६५ हर्ट्झ, '१००% एसआरजीबी', २३० वॅटचा चार्जर.

कार्ड मोठं म्हणून मन पहिल्याकडे ओढतंय. ते बरोबर आहे का? थोडं छपाईचं कामही असतं.

कुंचला:
डिझाइन करणार असाल तर पहिला स्क्रीनवरच बाद होतो. एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते त्याची मापं. ४५% एनटीएससी म्हणजे एसआरजीबीचा जेमतेम ६२-६३ टक्के भाग. लाल रंग विटकरी दिसतो, केशरी मळकट. मग तुम्ही तो हाताने भडक करणार, आणि तीच फाइल चांगल्या फोनवर उघडली की रंग अंगावर येणार. कॅलिब्रेशननेही (उपकरणाने मोजून स्क्रीनचे रंग जुळवणं) हे सुटत नाही. पॅनलकडे जे रंग आहेत ते कॅलिब्रेटर जागेवर आणतो, जे नाहीतच ते कुठून आणणार?

कुठे '७२% एनटीएससी' लिहिलेलं दिसलं तर ते साधारण १००% एसआरजीबीएवढं धरा. शिवाय डेल्टा ई (रंगातली चूक मोजणारा आकडा) २ च्या आत आणि उजेड किमान ३०० निट्स हवा. खिडकीजवळ बसत असाल तर ४०० बघा.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. एकाच नावाचा लॅपटॉप दोन-तीन वेगवेगळ्या पॅनलसह विकला जातो. परीक्षण वाचताना नाव जुळलं म्हणून थांबू नका, मॉडेलचा पूर्ण क्रमांक जुळवा.

पंखा:
आता कार्डाकडे. लॅपटॉपमध्ये '४०७०' या नावावरून वेग ठरत नाही, कार्डाला किती वॅट दिलेत त्यावरून ठरतो. एनव्हिडियाने ४०६० आणि ४०७० दोन्हींसाठी ३५ ते ११५ वॅट अशी मोकळीक ठेवली आहे, वर डायनॅमिक बूस्ट, म्हणजे प्रोसेसरला नको असलेली वीज कार्डाकडे वळवणं. म्हणजे एकाच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये ६० वॅटवर गुदमरतं आणि दुसऱ्यात १४० पर्यंत जातं. पूर्ण वॅटचं ४०६० उपाशी ४०७० ला बऱ्याच गेममध्ये मागे टाकतं.

चार्जरवरून अंदाज येतो. कार्ड १४०, प्रोसेसर ५०-५५, स्क्रीन, एसएसडी, पंखे वगैरे मिळून २०-२५. बेरीज २२० च्या आसपास. १७० वॅटच्या चार्जरवर हे भागत नाही, त्यामुळे पहिल्यातलं कार्ड दाबून ठेवलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तपशिलात 'टीजीपी' किंवा 'कमाल ग्राफिक्स पॉवर' हा आकडा शोधा. तो कुठेच छापलेला नसेल तर मी तरी तो लॅपटॉप घ्या म्हणणार नाही.

आणखी एक: लॅपटॉपच्या ४०६० ला ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आहे, ४०७० लाही ८ जीबीच. मेमरी भरली की टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) साध्या रॅममध्ये सांडतात आणि गेम अडखळतो. इथे वरचं कार्ड घेऊन काहीच फायदा नाही.

मक्स स्विच आहे का तेही विचारा. तो नसेल तर ग्राफिक्स कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समार्गे स्क्रीनवर जाते. जास्त फ्रेमरेटच्या गेममध्ये हा वळसा चांगलाच जाणवतो.

वेक्टर:
वरच्या दोघांशी सहमत. माझा नियम साधा आहे: नंतर बदलता येत नाही त्यावर आधी खर्च करा. स्क्रीन, कार्ड, कूलिंग आणि सोल्डर केलेली रॅम कायमची. एसएसडी आणि स्लॉटमधली रॅम कधीही बदलता येते.

म्हणूनच पहिल्यातली सोल्डर केलेली १६ जीबी मला खटकते. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि ब्राउझर एकत्र उघडे असले की १६ भरते, मग फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर (एसएसडीवरच्या तात्पुरत्या जागेत) लिहायला लागतं आणि ब्रश हाताच्या मागे राहतो. दुसऱ्यात आणखी एक १६ ची टाका. डीडीआर५, त्याच वेगाची, सोडिम (लॅपटॉपच्या आकाराची) प्रकारची. हे लगेच करा, कारण एकाच स्टिकवर रॅम सिंगल चॅनलमध्ये चालते आणि प्रोसेसरवर ताण देणाऱ्या गेममध्ये फ्रेम पडतात. ८+८ असलेला लॅपटॉप आज बरा चालतो, पण ३२ करायची वेळ आली की दोन्ही काढून ठेवाव्या लागतात.

एसएसडी १ टीबी, टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी) प्रकारची. क्यूएलसीवर (चार बिटवाली) मोठ्या फाइल सलग लिहिताना कॅश संपली की वेग कोसळतो. दुसरा एम.२ स्लॉट असेल तर गेम तिकडे ठेवा.

प्रोसेसरचा फार घोळ घालू नका. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉपचं बरंचसं काम एका कोरच्या वेगावर चालतं. २४ कोर घेऊन त्यात फरक पडत नाही. ब्लेंडरची सायकल्स रेंडर तर ऑप्टिक्स (एनव्हिडिया कार्डावर रेंडर करण्याचा पर्याय) निवडून कार्डावरच चालवायची.

रेघोट्या:
म्हणजे दुसराच. माझ्या डोळ्यासमोर मोठा आकडाच होता. आता दोन प्रश्न: लॅपटॉप हातात आल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत काय तपासू? आणि छपाईसाठी ओलेड स्क्रीन बरी पडेल का?

पंखा:
चार्जर लावा, परफॉर्मन्स मोड निवडा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या सिस्टिम माहितीत कमाल ग्राफिक्स पॉवर दिसते, ती जाहिरातीशी जुळवा. मग एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॅट दाखवणारा प्रोग्राम) मागे चालू ठेवून एखादा जड गेम सलग अर्धा तास चालवा. पहिल्या दोन मिनिटांचे आकडे फसवे असतात, हीटसिंक तेव्हा गार असतो. शेवटच्या दहा मिनिटांत कार्डाचे वॅट टिकतात का, प्रोसेसर ९५-१०० अंशांवर जाऊन क्लॉक पाडतो का, आणि चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरते का, हे बघा.

बाहेरचा मॉनिटर लावणार असाल तर त्याच कंट्रोल पॅनलमधल्या फिजएक्सच्या पानावर जोडलेला डिस्प्ले कोणत्या ग्राफिक्सवर आहे ते दिसतं. काही लॅपटॉपांत टाइप-सी पोर्ट प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर असतो आणि एचडीएमआय कार्डावर.

कुंचला:
ओलेडचा काळा रंग सुंदर असतो, गेमला तर फारच. पण फोटोशॉपचं टूलबार आणि पॅनल तासन्‌तास एकाच जागी उभे असतात, त्यामुळे डाग पडायची भीती राहते. कमी उजेडावर बऱ्याच पॅनलची लुकलुक काहींच्या डोळ्यांना त्रास देते. रोज सहा-आठ तास डिझाइन असेल तर मी आयपीएसच (एलसीडी पॅनलचा एक प्रकार) सुचवेन.

ओलेड घेतलाच तर एसआरजीबी मोड आहे का बघा. नाहीतर रंगव्यवस्थापन नसलेल्या प्रोग्राममध्ये सगळंच जास्त भडक दिसतं. आणि छपाईसाठी डीसीआय-पी३ चा (सिनेमासाठीच्या मोठ्या रंगपल्ल्याचा) आकडा पाहून भुलू नका. पी३ लाल बाजूला जास्त पसरतो. शाईचा सायन आणि हिरवा पकडायला ॲडोबी आरजीबी हा रंगपल्ला लागतो. थोडंसंच काम असेल तर १००% एसआरजीबी पुरतं. छापखान्याकडून आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या छपाईचे रंग सांगणारी फाइल) मागून घ्या, फोटोशॉपच्या 'प्रूफ सेटअप'मध्ये ती निवडा आणि कंट्रोल-वाय दाबून बघा.

काम करताना नाइट लाइट आणि आपोआप बदलणारा उजेड बंद हवा. एएमडी प्रोसेसर असेल तर व्हारी-ब्राइटही बंद करा, बॅटरीवर ते गुपचूप रंग बदलतं. 'छापून आल्यावर काळपट दिसतं' ही तक्रार बहुतेक वेळा स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवल्याने येते. छपाईचं काम असेल तेव्हा ती १०० निट्सच्या आसपास उतरवा.