कथा शिकवताना आधी संज्ञा की आधी गोष्ट? (चर्चा)

गिरणाकाठ
चाळीसगावकडच्या एका कॉलेजात प्रथम वर्षाला मराठी शिकवतो. परवा पेपर तपासत होतो. निवेदक म्हणजे काय? बहुतेकांनी गाईडातली व्याख्या शब्दन् शब्द उतरवलेली. दिले मार्क. पुढच्याच उत्तरात भालचंद्र नेमाडेंच्या 'कोसला' कादंबरीवर तीच पोरं लिहितात, 'नेमाडे पुण्याला होस्टेलात राहून वडिलांचे पैसे उडवत होते.' अरे, तो पांडुरंग सांगवीकर, कादंबरीत गोष्ट सांगणारा निवेदक! सुरुवातीलाच आपलं नाव सांगतो बिचारा. आता लेखकाचं गाव सांगवी आणि नायकाचं आडनाव सांगवीकर, म्हणजे पोरं फसणार हे मान्य. पण मग ती पाठ केलेली व्याख्या काय कामाची?
माझं मत: पहिल्या सत्रात संज्ञा बंद. नुसत्या कथा वाचायच्या. या भांडायला.

केळीवाली
सर, साफ चूक. मी रावेरची, घरी केळी. लहानपणी मला पान 'वाळलंय' एवढंच कळायचं. बाबांनी 'करपा' हा रोगाचा शब्द दिला आणि दुसऱ्या दिवसापासून मी पानं उलटीसुलटी करून ठिपके शोधायला लागले. पूर्वसूचन, म्हणजे पुढे घडणाऱ्याची आधीच दिलेली चाहूल, या शब्दाचंही तेच. तो कळल्यावर मी वाचलेली कथा पुन्हा काढली, तर शेवटी पेटणारं घर पहिल्या पानावरच्या गळक्या स्टोव्हमध्ये बसलेलं होतं. शब्द नसता तर मागे गेलेच नसते.

गिरणाकाठ
पण करपा बाबांनी बागेत उभं राहून दाखवला ना, ताई? वहीत लिहून दिला असता तर?

रिटायर मास्तर
दोघेही अर्धं बोलताय. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरने 1927 साली कथानकाची फोड करून दिली आहे: राजा मेला, मग राणी मेली, ही गोष्ट. राणी दुःखाने मेली, हे कथानक. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहायचो. 'गिरणेला पूर आला. आत्या माहेरी राहिली.' आणि 'गिरणेला पूर आला म्हणून आत्या माहेरी राहिली.' एकदा मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, 'सर, पूर ओसरल्यावरही आत्या गेली नाही, असं करा ना.' कार्यकारण, संघर्ष, पात्र, सगळं त्या एका वाक्यात आलं. त्यानंतर व्याख्या लिहून दिली, आणि ती लागतेच. नाहीतर पोरं 'मस्त होती कथा' म्हणून उठून जातात.

तापीपल्याड
माझी तक्रार वेगळी. तुमच्या संज्ञांच्या यादीत निवेदनाच्या भाषेला जागाच नाही. आपल्याकडच्या ग्रामीण कथांमध्ये पात्रं 'मना बाप' म्हणतात आणि निवेदक लगेच 'त्याचे वडील' म्हणतो. म्हणजे निवेदक गावाबाहेर रस्त्यावर उभा आहे. तोच अहिराणीत बोलू लागला तर ओट्यावर येऊन बसतो. प्रथमपुरुषी-तृतीयपुरुषी घोकून हे कधी कळणार? बहिणाबाईंची अहिराणी वाचा, मग समजेल.

केळीवाली
मुद्दा पटला, पण बहिणाबाईंची बोली लेवा आहे हो, अहिराणी नाही. दर वेळी तेच.

तापीपल्याड
चुकलं. आमच्या धुळ्याकडे सगळं एकाच पोत्यात भरतात. (शिवाय त्या कविता, विषय कथेचा. तेही चुकलं.)

मागचा बाक
सर, मी तुमच्याच वर्गात आहे, नाव सांगत नाही. निवेदक आणि लेखक वेगळे हे मला येतं. पण पेपरात प्रश्न होता, 'कादंबरीतून दिसणारे लेखकाचे विद्यार्थिजीवन स्पष्ट करा.' तिथे पांडुरंग लिहिला असता तर मार्क दिले असते?

केळीवाली
😄 सर?

गिरणाकाठ
प्रश्न मीच काढला होता.